खाडीकाठी लिहायला येताय? आधी तिथी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही हिवाळ्यांपासून कोकणात एक नवी पद्धत रुजते आहे. खाडीकाठच्या एखाद्या कौलारू घरात चार-पाच दिवस राहायचं, सकाळ-संध्याकाळ गरी टाकून मासे धरायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचं. रविवारच्या पुरवण्यांतून अशा मुक्कामांबद्दल वाचायला मिळतं. आम्हा खाडीकाठच्या लोकांना याचा आनंदच आहे. घरमालकाला चार पैसे मिळतात, होडीवाल्याला काम मिळतं आणि खाडी मराठी पुस्तकांत येते. पण या मुक्कामांतून निघालेलं लिखाण वाचलं की एक गोष्ट खटकते. त्यात माड असतात, मावळतीचे रंग असतात, शांतता तर पानोपानी असते, फक्त पाणी नसतं. म्हणजे खाडीचं पाणी कुठल्या वेळी कुठे होतं, चढत होतं की उतरत होतं, गढूळ होतं की निवळ, याचा पत्ताच नसतो.

याचं कारण आमच्या मते सरळ आहे. या मुक्कामांचा दिवस घड्याळावर आखलेला असतो. सातला चहा, नऊ ते बारा लेखन, चारला मासेमारी. खाडी रोज पाऊण तास पुढे सरकते आणि माणूस मात्र चारच्या चार वाजता गरी घेऊन उभा राहतो. एखाद्या दिवशी त्याला पाणी सापडतं, एखाद्या दिवशी पुढ्यात नुसता चिखल असतो. मग मासाही मिळत नाही आणि लिहायला शब्दही मिळत नाही. लिहिणाऱ्याला खाडीकडून काही हवं असेल तर त्याने आपला दिवस तिथीवर आखावा, एवढंच सांगायला हे पत्र आहे. ते कसं आखायचं हे नीट सांगायचं तर जागा थोडी जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावर घरोघरी माहीत आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून सुरू करायचा, त्यामुळे दोन्ही पक्षांत वेळा त्याच येतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मुंबईच्या आधी ती मालवणला लागते. आणि खाडीच्या मुखाशी भरती पुरी झाली तरी आत आठ-दहा मैलांवरच्या बंदरात पाणी अजून चढतच असतं. तेव्हा पहिल्या दिवशी एक काठी पाण्याच्या कडेला रोवून, घड्याळ लावून, आपल्या जागेचा फरक काढावा. एकदा काढला की मुक्कामभर पुरतो.

दुसरा हिशेब प्रवाहाचा. भरतीचे सहा तास धरले आणि एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच हलतं. ओहोटीला, आमच्याकडे सिंधुदुर्गात तिला सुकती म्हणतात, हेच उलट. या मधल्या दोन तासांत गरी टिकत नाही. दोराला बांधलेलं शिसं तळ सोडून वाहतं, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, तिरका होऊन काठच्या कांदळाच्या झाडांच्या मुळांत जातो, आणि नवखा माणूस दर पाच मिनिटांनी अडकलेली गरी सोडवत बसतो. हेच दोन तास लिहायचे. शेवटचे दीड-दोन तास पाणी मंदावतं, मासा कडेला चरायला येतो, तेव्हा गरी टाकायची. भरती पुरी झाल्यावर पाणी थोडा वेळ थिरावतं, तोवर बसायचं. मग उठायचं.

हे कागदावर मांडून बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराची, म्हणजे पाणी पहाटे पाचला चढायला लागलेलं. मधले दोन तास सात ते नऊ, हे लिहायचे. साडेनऊ ते साडेअकरा गरी. अष्टमीला भरती सहाची. पहाटे उठवत असेल तर चार ते सहा गरी टाकता येते, नाहीतर संध्याकाळी चार ते साडेसहा. सुकतीचे मधले तास आठ ते दहा, ते लिहिण्याचे. एकादशीचा दिवस सगळ्यांत सोयीचा: साडेसहा ते साडेआठ गरी, आणि सव्वादहा ते सव्वाबारा लेखन. मात्र एकादशीला मासा मिळाला तरी तो यजमानांच्या स्वयंपाकघरात नेण्याआधी विचारावं. घरात माळकरी असतात. पुष्कळ मासे खाणाऱ्या घरांतही सोमवारी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासा शिजत नाही. अशा दिवशी मिळालेला मासा जिवंत असेल तोवर सोडून द्यावा.

यावरून मुक्काम केव्हा करायचा तेही ठरतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, पाणी त्यातल्या त्यात निवळ. नवख्याने याच दिवसांत यावं. षष्ठीला पोचून एकादशी-द्वादशीला परतावं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा मासा भरपूर हलतो, पण वीस-तीस ग्रॅमचं शिसं पुरत नाही, साठ-ऐंशी ग्रॅम लागतं, आणि हाताला सवय नसेल तर सगळा वेळ दोर सांभाळण्यात जातो. शनिवार-रविवार जोडून दोन दिवसांसाठी येण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत पाण्याची वेळ जेमतेम दीड तास सरकते आणि ती सरकते आहे हे अंगाला कळायच्या आत परतीची गाडी येते. पाच दिवस तरी हवेत. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा तो काळ. शिवाय पावसात खाडीत वरून गोडं लाल पाणी उतरतं आणि कागदाला आठवड्याभरात बुरशी धरते. पावसाची ओढ असणाऱ्यांनी जरूर यावं, पण गरी घरी ठेवावी.

आता गरीबद्दल. शहरातून येणारे महागडी रॉड आणि रीळ घेऊन येतात. लिहिणाऱ्याला आम्ही हातदोरच सुचवू, आणि त्याला कारण आहे. रॉडच्या टोकाला मासा लागतो तेव्हा तो डोळ्यांना कळतो. हातदोरावर तो बोटाला कळतो.

साहित्य एवढंच: पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक, म्हणजे साधारण पॉइंट चार ते पॉइंट पाच मिलिमीटरचा तंगूस, चाळीस मीटर, रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला. गऱ्या दोन मापांच्या. गरीचा नंबर जेवढा मोठा तेवढी गरी लहान, हे ध्यानात ठेवावं. काळुंदर, शेवटे या माशांना सहा-आठ नंबर, तांबोशी आणि गोबऱ्याला एक किंवा त्याहून मोठी. शिसं दोराच्या शेवटाला बांधावं आणि गरी त्याच्या वीतभर वर, वेगळ्या वीत-दीड वीत तंगुसावर. शिशाच्या खाली गरी बांधली की ती चिखलात रुतते किंवा कालवांच्या खडकात अडकते. गाठ अशी: तंगूस गरीच्या भोकातून ओवावा, मूळ दोराभोवती पाच वेढे द्यावेत, टोक गरीजवळच्या पहिल्या फासातून काढावं, थुंकीने ओलं करावं आणि सावकाश आवळावं. कोरडं आवळलं तर तंगूस घर्षणाने तापतो, तिथेच कच्चा पडतो आणि पहिला मोठा मासा गरीसकट जातो. आमिष म्हणून ताजी कोळंबी सोलून बोटाच्या पेराएवढा तुकडा. काळुंदर आणि शेवट्यांसाठी घट्ट मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी चालते. तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा चढवावा, नाहीतर मोठा मासा तंगुसाने कातडं कापतो. पण मासा लागेपर्यंत दोर ट्यूबच्या पुढे, उघड्या पेरावर असावा. सगळी खबर तिथेच येते.

ही खबर कशी असते ते जरा जवळून सांगतो, कारण लिहिणाऱ्याचा खरा लाभ इथे आहे. काळुंदर आमिष गिळत नाही, टोचतो. बोटाला टिक-टिक, थांबून पुन्हा टिक, असं येतं. ओढलंत तर रिकामी गरी वर येते, थांबलात तर आमिष संपतं. तिसऱ्या-चौथ्या टिकेला मनगट नुसतं वळवायचं असतं. शिंगाळा आमिष तोंडात घेतो आणि जागचा हलत नाही. दोर जड होतो, ओल्या फडक्यासारखा, आणि तळाला काही अडकलंय असं वाटत राहतं. तांबोशी एक हिसका देते आणि तडक कांदळाच्या मुळांकडे धावते. पहिला हातभर दोर तिला दिलात तर ती मुळांत शिरते आणि मग तंगूस तोडण्यावाचून इलाज नाही. खेकडा आमिष धरून आडवा चालू लागतो, दोर बोटावरून सावकाश बाजूला सरकतो, हिसका मुळीच येत नाही. चार जीव, चार तऱ्हा, आणि एकही डोळ्यांना दिसत नाही. दोन तास असं बसल्यावर माणसाचं लक्ष एका बोटाच्या पेरावर येतं. कान आपोआप उघडतात. लाकडी होडीच्या तळाखालून तडतड आवाज येतो, गरम तव्यावर मीठ पडल्यासारखा, तो एका जातीच्या कोळंबीचा असतो, ती आपली नांगी आपटते. मागे चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे लहान मासे, उड्या मारतात त्याचा चपचप आवाज निराळा. हे त्या दोन तासांत ऐकू येतं. व्हरांड्यात खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसणाऱ्याला दिवसभरात येत नाही.

म्हणून आमचं ठाम मत आहे की गरी टाकणं हा या मुक्कामातला विरंगुळा नव्हे, लेखनाचा पूर्वार्ध आहे. तो दोन तासांचाच ठेवावा. चार तास बसलं की माणूस मासेमारीत रमतो, संध्याकाळी हात दुखतात, जेवणानंतर झोप येते आणि वही तशीच राहते. असं फार जणांचं होतं.

वहीचं सांगायचं तर खिशात मावणारी, जाड पुठ्ठ्याची, आणि शिसपेन्सिल. खाऱ्या हवेत कागद सर्द होतो, त्यावर कोळंबीचं बोट लागलं की बॉलपेन उठत नाही, जेलची शाई तर फुटून पसरते. टूबी पेन्सिल ओलसर कागदावरही उठते. हात पुसायला जुन्या सुती लुंगीचा तुकडा आणि अर्धं लिंबू. वही घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. होडीत वाक्यं लिहू नयेत. दोन-तीन शब्द, तेही नामं आणि क्रियापदं: ‘दोर जड’, ‘टिक, थांबला’, ‘चिखल फुगतोय’. विशेषणं लिहिलीत तर संध्याकाळी त्यातून काही परत मिळत नाही. ‘सुंदर’ या शब्दातून काय आठवणार? ‘चिखल फुगतोय’ यातून पाणी आत शिरताना खेकड्यांच्या बिळांतून निघणारे बुडबुडे परत दिसतात. या टिपणांवर त्याच दिवशी, पुढच्या लिहिण्याच्या तासांत बसावं. दुसऱ्या दिवसापर्यंत बोटातली खबर जाते, उरतात ते शब्द, आणि ते कुणाचेही असू शकतात. फोनने फोटो काढण्याचा मोह टाळावा. फोटोत जे दिसतं तेच मग लिहिलं जातं, आणि बोटाला कळलेलं त्यात नसतं.

पहिले दोन दिवस उपमा बंद, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. खाडी ‘आरशासारखी’, चंद्र ‘चांदीच्या ताटासारखा’ हे सगळं पहिल्या दोन दिवसांत बाहेर पडायला बघतं, कारण माणूस ते घरूनच घेऊन आलेला असतो. तिसऱ्या दिवशी बोटाने आणि कानाने गोळा केलेलं जमतं, तेव्हा उपमा सुचली तर ती इथली असते.

अर्धी राहिलेली कादंबरी पुरी करायला इथे येऊ नये. पाच दिवसांत कच्चा माल मिळतो, एखादी कथा, दोन-तीन कविता, एक ललित लेख बांधला जातो. जुन्या हस्तलिखितावरून हात फिरवायला शहरातली खोली जास्त बरी.

चुकांबद्दल बोलायचं तर पाण्याच्या वेळा न कळल्याने कथांत जे होतं ते आम्हा वाचकांना फार बोचतं. पौर्णिमेच्या मध्यरात्री नायक खाडीचा चिखल तुडवत पलीकडे जातो, असं वाचायला मिळतं. पौर्णिमेच्या मध्यरात्री भरती नुकती पुरी झालेली असते. तिथे त्याच्या डोक्यावरून पाणी असेल. त्याला मध्यरात्री चिखल हवा असेल तर अष्टमीला पाठवा, तेव्हा बाराच्या सुमाराला ओहोटी पुरी झालेली असते. शुद्ध अष्टमी असेल तर चंद्र मावळायला टेकलेला असेल, वद्य असेल तर नुकता उगवलेला. कथेत कुठला हवा तो घ्या. पौर्णिमेला संध्याकाळी पाच-साडेपाचला मात्र खाडी रिकामी असते, म्हणजे सूर्य मावळतो आणि चंद्र उगवतो तो उघड्या चिखलावर. हे दृश्य आम्ही रोजच्या आयुष्यात बघतो, कथेत अजून फारसं भेटलेलं नाही. अमावास्येचं उधाणही असंच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या काळोख्या रात्री काही दिवस वल्ह्याच्या फटक्याबरोबर पाण्यात निळसर उजेड फुटतो, सूक्ष्म जीवांमुळे. चांदण्यात तो दिसत नाही. ज्याला तो लिहायचा आहे त्याने वद्य त्रयोदशीपासून पुढे मुक्काम करावा.

माशांच्या नावांचंही तसंच. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो गोव्यात चोणक. रायगड-मुंबईची चिंबोरी मालवणात कुर्ली होते, बोय हा मासा दक्षिणेकडे शेवटा होतो. पात्र कुठल्या गावचं ते ठरलं की त्याच्या तोंडी माशाचं नाव ठरलं. बोलीचं तर फारच जपायला हवं. सिंधुदुर्गाची मालवणी, रत्नागिरीची संगमेश्वरी, रायगडची आगरी आणि मुंबई-अलिबागची कोळी या वेगवेगळ्या आहेत. या सगळ्यांची मिसळ करून ‘कोकणी माणूस’ बोलवला की तो कुठलाच राहत नाही. पाच दिवसांत बोली येत नाही, पण वीस शब्द खात्रीने येतात, तेवढेच वापरावेत.

ते मिळतात कुठे? सुकतीच्या शेवटच्या दोन तासांत बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला चिखलात उतरतात. वाकून, बोटांनी किंवा कोयत्याच्या टोकाने चाचपत पुढे सरकतात, टोपली पाण्यावर तरंगती ठेवून कमरेला दोरीने बांधलेली. तिथे वही काढून प्रश्न विचारू नयेत. आधी तिसऱ्यांचा एक वाटा विकत घ्यावा, घासाघीस न करता. वयाप्रमाणे काकी, वयनी म्हणावं. मग एखादं शिंपलं हातात धरून ‘ह्येका काय म्हणतत?’ असं विचारलं की उत्तर तर मिळतंच, चुकलेला उच्चारही दुरुस्त होऊन मिळतो. आवाज मुद्रित करायचा असेल तर परवानगी मागावी, आणि नाही म्हटलं तर ते तिथेच सोडावं. त्यांच्या घरचं दुःख कळलं तर ते नावागावासकट छापू नये. खाडीकाठी मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, छापलेलं घरी पोचतं.

जिवाची काळजी हाही विषय आहे, कारण लिहिणारा माणूस तंद्रीत असतो. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. त्याला पायाखाली दाबून गरी काढायला जाऊ नये. चिमट्याने गरी धरून उलटी फिरवावी, नाहीतर तंगूस कापून टाकावा, गरी स्वस्त आहे. काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना त्याने उतरते, मग डॉक्टरकडे जावं, काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम पिकते. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघावं, दुखण्याच्या भरात भाजल्याचं कळत नाही. कालवांच्या खडकावर अनवाणी चालू नये, कवचाची धार पात्यासारखी असते. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय गेला तर जोराने उपसू नये, मागे बसून पाय हळूहळू हलवत सोडवावा. पाणी चढत असताना मधल्या वाळूच्या पट्ट्यावर वही घेऊन बसू नये, पाठीमागचा प्रवाह आधी भरतो आणि परतीची वाट बंद होते. सावित्री आणि वाशिष्ठीच्या वरच्या भागात मगरी आहेत, तिथे काठावर पाय सोडून बसणं धोक्याचं. होडीत दोघांपेक्षा जास्त लिहिणारे नकोत, तिसरा आला की बोलणं सुरू होतं.

कांदळवनाबद्दल एक कळकळीची विनंती. तिवर, कांदळ, चिपी यांची फांदी बसायला जागा करण्यासाठी किंवा चुलीसाठी तोडू नये. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आहे. पण कायद्याच्या आधी हे समजून घ्यावं की चिखलातून वर आलेली ती बोटाएवढी मुळं श्वास घेणारी असतात, त्यांच्यावर पाय देत गेलं की झाड गुदमरतं, आणि ज्या तांबोशीसाठी आपण बसलो आहोत तिची पिल्लं त्याच मुळांत वाढतात. वीतभर मासा लागला तर ओल्या हाताने धरून सोडावा. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये. त्यात खंड्या आणि बगळे अडकतात, आणि कुजायला त्याला अनेक वर्षं लागतात. तो खिशात घालून परत न्यावा.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या दैनिकात पावसाळ्यात मुंबईच्या भरतीच्या वेळा छापून येतात. आमची विनंती आहे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रत्नागिरी आणि मालवण या दोन ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची आणि त्या दिवसाची तिथी अशी छोटी चौकट रोज छापावी. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टकं दरवर्षी काढतो, हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचा अंदाज देते, तेव्हा माहिती मिळायला अडचण नाही. मच्छीमारांना ती उपयोगी आहेच, होडीतून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही आहे. आणि पुरवणीत जेव्हा अशा मुक्कामाबद्दल लेख येईल, तेव्हा भाडं आणि जेवणाच्या ताटासोबत त्या जागी भरतीला पाणी कुठवर येतं आणि मुंबईच्या वेळेशी तिथला फरक किती मिनिटांचा आहे, एवढं लेखकाकडून जरूर मागून घ्यावं. त्याला ते सांगता आलं नाही, तर लेख पुढच्या भांगापर्यंत थांबवून त्याला काठी रोवायला परत पाठवावं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
खाडीकाठचे काही वाचक,
जि. सिंधुदुर्ग